पालघटेचा चौक
पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी सरकारदफ्तरी दाखल झाला. परंतु जिच्या साक्षीवाचून येथील वारली आदिवासींचे लग्न सिद्धीस जात नसे, त्या पालघट देवीला कोणत्याही दफ्तराच्या मोहोरेची गरज पडली नाही. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांपासून फार दूर नसलेल्या पाड्यांत, लग्नघरच्या कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने जो चौक ‘लिहितात’ (‘काढतात’ असे वारली म्हणत नाहीत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते), त्याच्या मध्यभागी सुफलतेची ही अधिष्ठात्री विराजमान असते आणि भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी. लग्न लावणारी धवलेरीही स्त्रीच! वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तीच शुभ्र रेषा कागदावर उतरवली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नाचा चौक मात्र सवाष्णींच्याच हाती राहिला.