शाळा उघडल्या, मग पालकांचा राग का संपत नाही?

बुधवार, 2 मार्च 2022 पासून मुंबईतील शाळा पूर्ण उपस्थितीने आणि पूर्वीच्या वेळेत सुरू झाल्या. त्यानंतरच्या रविवारी विलेपार्ल्यातील आमच्या वस्तीच्या विहारात पालकांची बैठक होती. सगळे खूश असतील असे वाटले होते. पण वंदना झाल्यावर पहिला प्रश्न आला तो असा : "ताई, शाळा सुरू झाली ते बरं झालं. पण माझा पोरगा दुसरीत आहे आणि त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. आता जूनमध्ये तिसरीत बसवतील. हे कोणाला विचारायचं?"

मग एकेक जण बोलू लागला. दोन डोस नाहीत म्हणून लोकलचे तिकीट मिळत नाही, ऑनलाइन वर्गासाठी घेतलेल्या फोनचे हप्ते अजून चालू आहेत, दहावीची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे आणि मुलीला तीन तास बसून लिहायची सवय राहिलेली नाही. बैठक दोन तास चालली. आपल्या काही तरुण कार्यकर्त्यांना या तक्रारी कटकट वाटतात. "साथ होती, सरकार काय करणार?" असे ते म्हणतात. म्हणून हा राग नेमका कशाचा आहे, तो कसा साचत गेला आणि आता आपण काय करू शकतो, हे क्रमाने समजून घेऊ.

आधी काय उघडले, नंतर काय उघडले

मार्च 2020 च्या मध्यावर शाळा बंद झाल्या, तेव्हा कोणीही तक्रार केली नाही. आपल्या समाजाने तर नियम मनापासून पाळले. 2020 आणि 2021 ची भीमजयंती आपण घरातच साजरी केली. 6 डिसेंबर 2020 ला चैत्यभूमीवर न जाता घरातूनच बाबासाहेबांना अभिवादन केले. ज्या लोकांनी वर्षातला सर्वात मोठा दिवस घरात बसून पाळला, त्यांना बेशिस्त म्हणता येणार नाही.

राग सुरू झाला तो निर्बंध उठण्याचा क्रम पाहून. 5 ऑगस्ट 2020 ला मॉल उघडले. 5 ऑक्टोबर 2020 ला निम्म्या क्षमतेने हॉटेल आणि बार उघडले. नोव्हेंबरमध्ये चित्रपटगृहे आणि त्यापाठोपाठ, 16 तारखेला, प्रार्थनास्थळे उघडली. 23 नोव्हेंबरपासून राज्याच्या अनेक भागांत नववी ते बारावीचे वर्ग भरू लागले, मुंबईत मात्र शाळा बंदच राहिल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा सगळे बंद झाले. ती लाट ओसरल्यावर 10 ऑगस्ट 2021 ला शासन निर्णय निघाला की 17 तारखेपासून शाळा सुरू होतील. टास्क फोर्सने हरकत घेतल्यावर तो थांबवला गेला. शेवटी 4 ऑक्टोबर 2021 ला शहरात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. म्हणजे बार पहिल्यांदा उघडला त्याला एक वर्ष पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता.

लहान मुलांची पाळी त्याहून उशिरा आली. पहिली ते सातवीसाठी राज्याने 1 डिसेंबर ही तारीख दिली होती. ओमायक्रॉनच्या भीतीने मुंबईत ती 15 डिसेंबरवर गेली. नाताळ झाला आणि 4 जानेवारी 2022 पासून पहिली ते नववी आणि अकरावीचे वर्ग पुन्हा बंद. 24 जानेवारीला पुन्हा सुरू, तेही पालकांच्या लेखी संमतीने आणि कमी उपस्थितीत. पूर्ण शाळा भरली ती आता, 2 मार्चला.

बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या त्या आईच्या मुलाचा हिशेब यात मांडून पाहा. जून 2020 मध्ये तो पहिलीत गेला. पहिलीचे संपूर्ण वर्ष त्याने वर्गाचे तोंड पाहिले नाही. दुसरीत डिसेंबरचे काही दिवस आणि जानेवारीच्या अखेरीपासूनचे थोडे आठवडे, एवढीच त्याची शाळा. बाराखडी ज्या वयात हात धरून गिरवून घ्यायची असते, ते वय निघून गेले.

नियम एकच, घरे वेगवेगळी

कागदावर निर्बंध सर्वांना सारखेच होते. पण प्रत्येक नियम लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट घर होते. त्या घरात मुलाला वेगळी खोली आहे, वायफाय आहे, आईवडिलांपैकी एक जण लॅपटॉपवर घरूनच काम करतो आहे. असे घर विलेपार्ल्यात आहे. जुहू-पार्ले योजनेत आहे, पूर्वेच्या सोसायट्यांत आहे. पण नेहरूनगरमध्ये किंवा विमानतळाच्या भिंतीला टेकलेल्या वस्त्यांमध्ये ते नाही. इथे एकाच खोलीत पाच माणसे राहतात, फोन एक असतो आणि तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात असतो.

आता ऑनलाइन शाळेचे पाहा. वर्गाची लिंक सकाळी आठला यायची. आई सातलाच भांडी-धुण्याच्या कामाला निघायची आणि फोन तिच्यासोबत जायचा, कारण मॅडमनी केव्हाही बोलवले तर उचलावा लागे. संध्याकाळी फोन घरी आला की मोठी बहीण आधी आपला अभ्यास उतरवून घ्यायची. धाकट्याच्या वाट्याला फोन येईपर्यंत तो झोपलेला असे किंवा रिचार्ज संपलेला असे. शाळेच्या हजेरीत तो "ऑनलाइन अनुपस्थित".

ही फक्त आमच्या वस्तीची गोष्ट नाही. ऑगस्ट 2021 मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे 1,400 वंचित मुलांची पाहणी केली. शहरी भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले 24 टक्के होती, ग्रामीण भागात अवघी 8 टक्के. ग्रामीण भागातील दलित आणि आदिवासी मुलांमध्ये हे प्रमाण 4 टक्के निघाले, इतर मुलांमध्ये 15 टक्के. फोन घरात असणे आणि तो मुलाच्या हातात असणे यांत फरक आहे, हेही अशा पाहण्यांतून दिसते. "असर 2021" नुसार ग्रामीण भारतात 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आला होता, तरीही त्यांतील साधारण चौथा हिस्सा मुलांना तो वापरायला मिळत नव्हता.

समाजशास्त्रात आपण शिकतो की विषमता नेहमी उघड भेदभावातूनच येते असे नाही. समान नियम विषम परिस्थितीवर लावला की विषमता आपोआप वाढते. या वेळी तसेच झाले. वर्गातला बाक तरी सर्वांना सारखा असतो. शाळा बंद झाली आणि तो बाकच काढून घेतला गेला. मुलाच्या वाट्याला तेवढेच शिक्षण उरले, जेवढे त्याच्या घराला परवडत होते.

लोकल, डोस आणि कामाची वेळ

रोजच्या जगण्यावरचे निर्बंधही असेच अंगावर आले. 15 जून 2020 पासून लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. घरकाम करणारी बाई त्या यादीत नव्हती. 21 ऑक्टोबर 2020 पासून महिलांना परवानगी मिळाली, पण सकाळी 11 ते दुपारी 3 आणि संध्याकाळी 7 नंतर. ज्यांचे पहिले काम सकाळी सातला सुरू होते, त्यांना या वेळेचा काय उपयोग? नालासोपारा-विरारहून पार्ल्यात कामाला येणाऱ्या किती तरी ताईंची कामे या काळात कायमची गेली. काम गेले की फी थकते. फी थकली की शाळेतून फोन येतात, आणि दाखला काढून मुलाला गावी पाठवायची भाषा घरात सुरू होते.

पुढे 15 ऑगस्ट 2021 पासून लोकलसाठी दोन डोसची अट आली. दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस झाले पाहिजेत. कोविशील्डच्या दोन डोसमध्ये 84 दिवसांचे अंतर होते. म्हणजे पहिल्या डोसपासून लोकलमध्ये पाय ठेवेपर्यंत किमान 98 दिवस. ज्यांना पैसे देऊन खासगी रुग्णालयात मे महिन्यात लस मिळाली, ते ऑगस्टच्या अखेरीस प्रवास करू लागले. ज्या बाईला पोर्टलवर नोंदणी करता येत नव्हती आणि रांगेत उभे राहून जुलैअखेरीस पहिला डोस मिळाला, तिला नोव्हेंबर उजाडला. फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने या अटीचे जुने आदेश योग्य प्रक्रियेने काढलेले नव्हते, असे सरकारला सुनावले. तरीही 1 मार्च 2022 च्या नव्या आदेशात अट कायमच होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा राग लसीवरचा नाही आणि तो तसा होऊ देऊ नये. लसीविरुद्धचे मेसेज आपल्या ग्रुपवरही फिरतात. त्यांचे काम सोपे होते, कारण लोक आधीच चिडलेले असतात. दुसऱ्या लाटेत आपण किती माणसे गमावली हे प्रत्येक विहाराला माहीत आहे. लस घ्या, घ्यायला लावा. पण ज्याच्यापर्यंत लस उशिरा पोहोचली, त्याची भाकरी त्यासाठी अडवू नका, एवढेच पालकांचे म्हणणे आहे.

सरकारची बाजूही नीट ऐकली पाहिजे. दाट वस्तीत संसर्ग घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचेल, ही भीती खोटी नव्हती. ऑक्टोबरमध्ये संमतीपत्रावर सही न करणारे पालक आपल्यातही होते, आणि त्यांना दोष देता येत नाही. चूक झाली ती प्राधान्य ठरवताना. धोका पत्करून काही तरी उघडायचेच होते, तर यादीत शाळा वर असायला हवी होती. ती तळाशी राहिली, कारण शाळा बंद राहिल्याने ज्यांचे सर्वाधिक नुकसान होत होते, त्यांचा आवाज हॉटेलमालकांच्या संघटनेइतका मोठा नव्हता.

सावित्रीमाईंचा स्मृतिदिन आणि साथीचा कायदा

10 मार्च हा सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. या वर्षी तो वेगळ्या अर्थाने आठवावा. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला. त्यासाठी इंग्रज सरकारने 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा केला. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात निर्बंध लागू झाले ते याच कायद्याच्या आधारे. कायदा झाल्यानंतर पाचच आठवड्यांनी, 10 मार्च 1897 ला सावित्रीमाई प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले होते. त्या सेवेतच त्यांना लागण झाली.

सरकारी कायद्याचा भर माणसाला अडवण्यावर होता. माईंनी पाहिले ते अडलेल्या माणसापर्यंत कोण पोहोचते आहे. साथीत दोन्हींची गरज असते. पण सव्वाशे वर्षांनंतरही पहिली बाजू यंत्रणेकडे तयार होती आणि दुसरी लोकांवर सोडलेली होती. तरुणांनी हे लक्षात ठेवावे, कारण आता उरलेले काम दुसऱ्या बाजूचे आहे.

आता काय करायचे?

दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि ते कारण दूर करता येते, हे आपल्याला बुद्धाने शिकवले. पालकांच्या रागाकडेही तसेच पाहू.

पहिले काम, प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील पहिली ते पाचवीच्या मुलांची वाचन-लेखनाची साधी पाहणी करावी. परीक्षा घेऊ नये. एक परिच्छेद वाचून घ्यावा, चार ओळी लिहून घ्याव्यात, दोन बेरजा-वजाबाक्या द्याव्यात. कोण अक्षरावर अडले, कोण जोडाक्षरावर, याची वहीत नोंद ठेवावी. मूल इयत्तेने तिसरीत असले तरी सुरुवात त्याला येते तिथून करावी. मे महिन्याची सुटी त्यासाठी हाताशी आहे.

दुसरे, शाळेत न परतलेल्या मुलांची यादी करावी. कोणी गावी गेले, कोणी वडिलांसोबत कामाला लागले, कोणा मुलीचे लग्न ठरते आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 4 नुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांकडे तोंडी विनंती करून थांबू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तिसरे, शाळा व्यवस्थापन समितीत जा. सरकारी, महापालिका आणि अनुदानित शाळांत ही समिती कायद्याने असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असायला हव्यात. बहुतेक ठिकाणी ही नावे कागदावरच राहतात. पुढची साथ आली तर शाळा केव्हा बंद करायची आणि केव्हा उघडायची, हे विचारणारे पहिले तोंड या समितीचे असले पाहिजे.

बैठकीच्या शेवटी त्या आईला आम्ही सांगितले की मुलाला रोज संध्याकाळी सहाला विहारात पाठवा. ती म्हणाली, "सहाला मी कामावर असते, पण त्याची ताई आणून सोडेल." सोमवारी ती दोघे आली. मुलगा पाटीवर आपले नाव लिहायला शिकतो आहे. पहिले अक्षर जमले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!