वावरातली सरासरी, वहीतली सरासरी

1942-43च्या हंगामात अकोला जिल्ह्यात कापसाची एक वेगळी मोजणी झाली. आधी गावे निवडली, मग त्या गावांतली वावरे, आणि मग वावरातला नेमका तुकडा. निवड दरवेळी यदृच्छेने. पाटलाने दाखवलेले चांगले वावर नाही आणि रस्त्याकडेचे सोयीचेही नाही. आखलेल्या तुकड्यातला कापूस वेगळा वेचायचा, तोलायचा आणि त्यावरून जिल्ह्याचे उत्पादन काढायचे. विनायक गोविंद पानसे आणि त्यांचे सहकारी कळमकर या कामामागे होते. 1944 साली या पद्धतीवरचे त्यांचे लेख ‘करंट सायन्स’मध्ये आले. पुढे पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी मिळून शेतीच्या संख्याशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला (1954), त्यावर देशभरातल्या कृषी महाविद्यालयांच्या पिढ्या शिकल्या.

दहावीच्या ‘सांख्यिकी’चा मागोवा घ्यायचा तर मी इथून सुरुवात करीन, बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेपासून नाही.

अकोल्याच्या या मोजणीआधी काय होते? आणेवारी. पीक सोळा आणे की आठ आणे, हे धुऱ्यावर उभे राहून नजरेने ठरायचे, आणि क्षेत्र, नेहमीचे उत्पादन व आणे यांच्या गुणाकारातून जिल्ह्याचा आकडा निघायचा. गुणाकार बरोबर असला तरी त्यातला एक आकडा डोळ्याचा होता, आणि डोळा माणसागणिक बदलतो. पानशांनी नजरेच्या जागी तराजू आणला. तुकडा केवढा घ्यावा यावरूनही त्या काळात मोठा वाद झाला. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने कड जास्त, आणि कडेवरचे झाड मोजणारा सहसा आत ओढतो, त्यामुळे उत्पादन फुगते. किती साधी आणि किती खरी गोष्ट! नववीच्या मुलीला परिमिती आणि क्षेत्रफळ येत असेल तर ती हे वहीत स्वतः पडताळू शकते.

अकोल्याची ही हकीकत मला शाळेत कुणी सांगितली नाही. आम्ही मध्य, मध्यक, बहुलक शिकलो, पण सूत्र म्हणून. आजचे दहावीचे ‘गणित भाग 1’ हे पुस्तक 2018 साली आले. त्यात अंकगणित श्रेढी तिसऱ्या प्रकरणात आणि सांख्यिकी सहाव्या. मध्य काढायच्या तीन पद्धती त्यात आहेत: सरळ, गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन. मुले त्या घोटून घेतात आणि गुण मिळवतात. पण मध्य कधी फसवतो, हे समजायला वावरच लागते. समजा, सात कास्तकारांना एकरी 3, 3, 4, 4, 5, 5 आणि 18 क्विंटल कापूस झाला. शेवटच्याकडे ठिबक आहे. बेरीज 42, मध्य 6. सातांपैकी सहा जण या सरासरीच्या खालीच आहेत! मध्यक 4 येतो, आणि गावाची अवस्था तो जास्त प्रामाणिकपणे सांगतो. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या मुलामुलींना हे उदाहरण फळ्यावर मांडायचीही गरज नाही, त्यांच्या घरी ते रोज बोलले जाते.

श्रेढीचा माग त्याहून जुना. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) श्रेढीव्यवहार आहे, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ चालवला. तिथला शिलालेख 1207 सालचा, यादवांच्या राजवटीतला. त्याच यादवकाळात, शके 1200च्या सुमारास, म्हाइंभटांनी रिद्धपुरात चक्रधरस्वामींच्या आठवणींचे लीळाचरित्र सिद्ध केले. स्वामींना ज्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी लीळा गोळा केल्या, त्या महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांच्याकडून तपासून घेतल्या. त्याला मी संख्याशास्त्र म्हणणार नाही. पण आधी माणसाकडे जाऊन विचारायचे आणि मग लिहायचे, हा क्रम सातशे वर्षांपूर्वी याच गावात पाळला गेला, याचा मला फार अभिमान वाटतो.

शके 1200 म्हणजे इसवी सन 1278. या चार अंकांवर देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांची रीत लावून पाहा. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. 8721 वजा 1278, आले 7443. पुढे 3996, मग 6264, मग 4176, आणि पाचव्या वजाबाकीला 6174. त्यानंतर संख्या हलतच नाही. चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत कुठलीही चार अंकी संख्या इथेच येऊन थांबते. कापरेकरांना हे 1949 साली सापडले. जगाने दखल घेतली ती 1975 साली, गणितलेखक मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे. सहावीच्या मुलाला वजाबाकी येते, म्हणजे हा शोध त्याच्या आवाक्यातला आहे. सूत्र देण्याआधी असे शोधू द्यावे, मग श्रेढीचे n वे पद परके वाटत नाही.

आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. गणिताची मराठी तिथे घडावी, वऱ्हाडच्या पिकांचे, पावसाचे, संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहारांचे आकडे घेऊन शालेय उदाहरणसंग्रह निघावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सामग्री दरवर्षी दाराशीच तयार होते. पीककापणीचे प्रयोग अजून चालतात. महाराष्ट्रात बहुतेक पिकांसाठी 10 मीटर बाय 5 मीटरचा तुकडा आखतात, गावकऱ्यांसमोर पीक तोलतात. विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते, म्हणून एखाद्याचे वावर पूर्ण बुडाले तरी मंडळाचा मध्य ठरलेल्या उत्पादनाच्या वर राहिला की या हिशेबाने त्याच्या हाती काही येत नाही. आण्यांची पैसेवारी झाली, वऱ्हाडात ती डिसेंबरअखेर अंतिम होते. ती 50 पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती लागू होऊ शकतात: जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सूट, आणि दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षा शुल्काची माफी. मार्चमध्ये जी मुलगी मध्य काढायचे गणित सोडवणार असते, तिची फी माफ होणार की नाही हे तिच्याच गावाच्या सरासरीवर ठरू शकते. तो हिशेब तिला डिसेंबरात, तिच्या वर्गात, खऱ्या आकड्यांनिशी करू द्यावा.