डोळ्यात कण गेल्यावर

चाकण-भोसरीच्या एखाद्या शॉपमध्ये ग्राइंडिंग करताना कामगाराच्या डोळ्यात कण जातो. शेजारचा सहकारी रुमालाच्या टोकाने तो काढतो, टाकीच्या पाण्याने डोळा धुतला जातो आणि काम पुन्हा सुरू होते. काही दिवसांनी डोळा लाल होऊन दुखू लागला की ‘डोळे आले असतील’ म्हणून मेडिकलमधून थेंब आणले जातात. त्यात स्टेरॉईड असले तर लाली उतरते, पण बुबुळातला जंतू मोकाट वाढतो.

बहुतेक वेळा हा जंतू बॅक्टेरिया किंवा बुरशी असतो. क्वचित तो अकॅन्थामिबा निघतो. माती, साठवणीच्या टाक्या, अगदी नळाच्या पाण्यातही राहणारा हा एकपेशीय परजीवी. धडधाकट बुबुळात तो सहसा शिरत नाही; ओरखडा मात्र त्याला पुरतो. पाश्चात्त्य देशांत हा मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा आजार. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांनी मात्र लेन्स कधी घातलेलीच नसते. डोळ्यात माती, कचरा किंवा गढूळ पाणी गेलेले असते. म्हणूनच डॉक्टरांच्याही मनात हा संशय उशिरा येतो. सुरुवातीला तो नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूसारखा दिसतो आणि तेच उपचार सुरू होतात. दिसणाऱ्या जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त असणे ही एक खूण; बुबुळात कड्यासारखे पांढरे वर्तुळ दिसते, पण तोवर बराच वेळ गेलेला असतो.

निदान होते ते काचपट्टीवर. भुलीचे थेंब घालून बुबुळाची जखम हलकेच खरवडतात. तो अंश कॅल्कोफ्लोर व्हाइट या रंगद्रव्याने रंगवला की फ्लुओरोसेंट सूक्ष्मदर्शकाखाली अमिबाच्या दुहेरी भिंतीच्या गाठी निळसर चमकतात. त्याच नमुन्याचा काही भाग ई. कोलाय जंतू पसरलेल्या साध्या अगारवर ठेवतात. अमिबा जिवंत असेल तर जंतू खात पुढे सरकतो आणि त्याच्या वाटा उमटतात. तपासणी साधी आहे, फक्त ती मागवायला हवी.

पावसाळ्यात मायक्रोस्पोरिडियाचे रुग्णही येतात. त्यात बुबुळावर बारीक पांढरे ठिपके दिसतात. वरवरचा असेल तर तो बहुधा लवकर बरा होतो. अकॅन्थामिबाचे तसे नाही. पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडिनचे थेंब आधी तासातासाला, मग कित्येक महिने घालावे लागतात. उशीर झाला तर बुबुळावर कायमचे फूल पडते.

कण गेलेला डोळा चोळू नये. दुखणे किंवा लाली राहिली तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि आधी घातलेल्या थेंबांची बाटली सोबत न्यावी.