नौकेवरची चूल

चूल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घर येते. पण कोकणच्या किनाऱ्यावरून दिवसचे दिवस खोल समुद्रात जाणाऱ्या मच्छीमार नौकांवरही चूल असते आणि तिच्यावर खलाशांचा भात शिजतो. रंकाळ्यातल्या नावेपलीकडे जलप्रवास ठाऊक नसलेल्या आम्हां कोल्हापूरकरांना याचे नवल वाटावे! गेल्या मे महिन्यात आंबा घाट उतरून रत्नागिरीस गेलो असता, मिरकरवाडा बंदरात अशी एक नौका मी आतून पाहिली. शेगडी, नळी, सिलिंडर, सारे आपल्या घरच्यासारखेच.

मग फरक कोणता? फरक उंबरठ्याचा! धूर वर जातो, तसा गॅसही वर जात असेल असा आपला समज. वस्तुतः सिलिंडरमधले प्रोपेन व ब्यूटेन हे वायू हवेहून जड आहेत. ब्यूटेन तर दुपटीने. गळलेला गॅस पाण्यासारखा खाली उतरून सखल जागी साचतो. घरात त्याला दाराखालून थोडीफार वाट मिळते. नौकेत मात्र पाणी आत येऊ न देणारे भांडेच गॅसला बाहेर सोडत नाही. हवेत शेकडा दोन इतका गॅस मिसळला तरी एक ठिणगी पुरे. आणि नौकेच्या तळाशी तर इंजिन व पाणी उपसण्याचा विजेचा पंप!

“सर, पाणी शिरलं तर दिसतं,” तांडेल म्हणाला, “गॅसचा नुसता वास. डिझेल नि मासळीपुढं तोही कळत नाही.” भर समुद्रात तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

म्हणून तिथले नियम कडक हवेत. सिलिंडर उघड्यावर, उभा आणि घट्ट बांधलेला असावा. पेटीत ठेवायचा तर पेटीच्या तळाला भोक पाडून त्याची वाट थेट नौकेबाहेर काढावी. स्वयंपाक होताच आधी सिलिंडर बंद करावा. नळीतला गॅस जळून ज्योत विझली की मग शेगडीचे बटण. खाऱ्या हवेने लोखंड गंजते, म्हणून सांधे वरचेवर साबणाच्या फेसाने तपासावेत. काडी ओढून कदापि नाही. वास आलाच तर इंजिन, पंप, दिवा कशालाही हात लावू नये. सिलिंडर बंद करावा, झडपा उघडाव्यात आणि तळातला गॅस हातपंपाने पाण्यासारखा उपसून टाकावा!

वाचकभगिनींनो, हे खलाशांचे शास्त्र आपल्यालाही उपयोगी आहे. हल्लीच्या ब्लॉकमध्ये गॅलरी बंद, खिडकी बंद, सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात; म्हणजे नौकाच की! कपाटाला तळाशी जाळी ठेवा. रात्री चकल्यांचा शेवटचा घाणा उतरला की सिलिंडर बंद करूनच झोपा. वास आला तर विजेचे बटण चालूही करू नका नि बंदही करू नका. दारेखिडक्या उघडा, घराबाहेर या आणि तिथून 1906 या क्रमांकावर फोन करा. समुद्रावरच्या माणसाला हाकेला शेजारी नसतो. आपल्याला आहे, तेव्हा त्यालाही सावध करा.