जेरेमी बेल्कनॅपचं दप्तर

अमेरिकेत स्थानिक इतिहासाची पायाभरणी करणाऱ्यांत जेरेमी बेल्कनॅप (१७४४–१७९८) हे नाव फार मोठं. न्यू हॅम्पशायरमधल्या डोव्हर गावचा हा पाद्री. धर्मोपदेशाचं काम सांभाळून त्याने त्या राज्याचा तीन खंडांचा इतिहास लिहिला. पहिला खंड १७८४ चा, शेवटचा १७९२ चा.

पण खरा खजिना आहे तो त्याच्या पत्रांत!

एबेनेझर हॅझर्ड हा त्याचा जिवलग पत्रमित्र, पुढे देशाचा पोस्टमास्टर जनरल झालेला. जुन्या कागदांचं वेड दोघांनाही सारखंच. पहिला खंड फिलाडेल्फियात छापला गेला, तेव्हा तिथली सगळी देखरेख हॅझर्डनेच केली. घरी बसून कागद पदरात पडायची वाट पाहू नये, लांडग्यासारखं सावजाच्या मागावर हिंडावं, असं बेल्कनॅप त्याला कळवतो. किती जिवंत माणूस!

याच ध्यासातून १७९१ मध्ये बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी उभी राहिली, अमेरिकेतली या प्रकारची पहिली संस्था. दुर्मीळ कागद छापून त्यांच्या प्रती वाढवायच्या, म्हणजे आग लागली तरी मजकूर वाचेल, हे तिचं सुरुवातीपासूनचं धोरण. बेल्कनॅप-हॅझर्ड पत्रव्यवहारही सोसायटीने १८७७ मध्ये छापला.