छायाचित्रावरून माशीची ओळख

केसाळ, काळसर, फुलाजवळ घोंघावणारा प्रत्येक कीटक भुंगाच असतो असे नाही. द्विपंखी गणातील अनेक माश्यांचे बाह्यरूप मधमाश्या, गांधीलमाश्या अथवा भुंगे यांच्याशी इतके जुळते की, सरावलेली दृष्टीही क्षणभर फसावी. अशा माशीचे केवळ छायाचित्र हाती असेल, तर तिची ओळख कितपत पटविता येते, हा वर्गीकरणशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न होय.

प्रथम गण ठरवावा लागतो. भुंग्यास पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीस एकच, आणि मागील जोडीच्या जागी टोकाशी गाठ असलेल्या काडीसारखे दोन संतोलक असतात. परंतु भुंग्याचे पुढचे व मागचे पंख सूक्ष्म आकड्यांनी परस्परांत अडकून एकच भासतात, आणि माशीचे संतोलक पुष्कळदा दाट लवेखाली झाकले जातात. अशा वेळी शृंगिका उपयोगी पडतात. भुंग्याच्या शृंगिका लांब, बहुखंडी व कोपराप्रमाणे वाकलेल्या असतात. भुंग्याचे रूप घेणाऱ्या माश्यांच्या बहुधा आखूड असतात. यानंतर पंखांतील शिरांच्या मांडणीवरून कुल आणि पुष्कळदा प्रजातीही ठरविता येते. जातीपर्यंत पोचणे मात्र कठीण. कारण अनेक कुलांत जातिभेदाची निर्णायक लक्षणे नराच्या जननेंद्रियांत असतात, आणि ती छायाचित्रात दिसत नाहीत.

या मर्यादा असूनही २०१५ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे स्टीफन मार्शल आणि होनोलुलू येथील बिशप संग्रहालयाचे नील इव्हनह्यूस यांनी बॉम्बिलिइडी कुलातील एका नव्या जातीचे वर्णन छायाचित्रांवरून केले. दक्षिण आफ्रिकेतील ही माशी त्याच ठिकाणी आढळणाऱ्या झायलोकोपा प्रजातीतील भुंग्यासारखी दिसते. म्हणून तिचे नाव मार्लेयिमिया झायलोकोपी असे ठेवण्यात आले. हेसी यांनी १९५६ मध्ये स्थापिलेल्या या प्रजातीत तोवर दोनच जाती ज्ञात होत्या. तुलना इतकी मर्यादित आणि रूप इतके वेगळे असल्यामुळेच छायाचित्रावरून निर्णय घेणे शक्य झाले.

जतन केलेला एकही नमुना नसताना नाव वैध कसे? प्राणिनामकरण संहितेच्या ७३.१.४ या कलमानुसार चित्र होलोटाइप म्हणून निर्दिष्ट केल्यास चित्र नव्हे, तर चित्रातील प्राणी होलोटाइप मानला जातो. तो प्राणी आज अस्तित्वात नाही एवढ्याने निर्देश बाद होत नाही. म्हणजे या जातीचा होलोटाइप ही कोणत्याही संग्रहालयात नसलेली एक माशी होय. यावर तीव्र वाद झाला. २०१६ मध्ये चारशेहून अधिक वर्गीकरणतज्ज्ञांनी छायाचित्राधारित वर्गीकरण अपुरे व घातक असल्याचे संयुक्त लेखाद्वारे मांडले. दुर्मिळ अथवा संरक्षित प्राण्यांच्या बाबतीत हा मार्ग खुला असावा, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. २०१७ मध्ये नामकरण आयोगाने पंचेचाळिसाव्या घोषणेद्वारे या कलमास शिफारशी जोडल्या. जतन केलेल्या नमुन्यावाचून नाव देण्यास त्यांनी बंदी केली नाही. मात्र तसे करणाऱ्याने आपली कारणे सविस्तर द्यावीत, अशी अपेक्षा व्यक्त केली.

वादाचे मर्म कायद्याहून खोल आहे. नमुन्यास नवे प्रश्न विचारता येतात. शंभर वर्षांपूर्वी टाचणीवर लावलेल्या माशीचे आज विच्छेदन करता येते, तिच्यातील डी. एन. ए. तपासता येतो. छायाचित्र मात्र टिपले त्या क्षणी जेवढे दिसले तेवढेच सांगते. पुढे तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात आढळली, तर मूळ नाव कोणत्या जातीचे, याचा निवाडा छायाचित्रावरून होईलच असे नाही.

म्हणून क्षेत्रकार्यात माशी अनेक बाजूंनी टिपावी. पंखांच्या शिरा, शृंगिका व मुख स्पष्ट यावेत. स्थळ, दिनांक व आकारमान नोंदवावे. आणि जेथवर लक्षणे साक्ष देतात तेथवरच नाव लिहावे. प्रजातीपाशी थांबलेली ओळख अपुरी असली तरी खरी असते. जातीपर्यंत ओढून नेलेली ओळख पुढील प्रत्येक अभ्यासात चूक पेरीत जाते.