तराजू, वही आणि मुकुट

ख्रिस्ती धर्मातल्या अंतिम न्यायाचा विषय निघाला, की आपल्या डोळ्यांपुढे चित्रगुप्ताची वही येते. पुण्य इकडे, पाप तिकडे, वजाबाकी झाली की निकाल. युरोपातही समजूत फार वेगळी नव्हती. फ्रान्समधल्या ओतँ कॅथेड्रलच्या दारावर बाराव्या शतकातलं कोरीवकाम आहे. त्यात आत्मे तराजूत तोलले जाताहेत आणि सैतानाच्या बाजूचे तो आपल्याकडे झुकावा म्हणून खटपट करताहेत. शिल्प अप्रतिम, पण नव्या करारातल्या न्यायाच्या वर्णनांत हा तराजू कुठेच सापडत नाही.

वह्या मात्र सापडतात. नव्या करारातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात माणसांच्या कृत्यांची नोंद असलेली पुस्तकं उघडली जातात. आणि त्यांच्याखेरीज एक जीवनाचं पुस्तकही. अग्निसरोवर कुणाच्या वाट्याला, हे तिथे त्या पुस्तकात नाव आहे की नाही यावर ठरतं. बेरीज-वजाबाकीचा उल्लेख नाही.

‘कॅथलिक स्वर्ग कमावतात, प्रोटेस्टंटांना तो फुकट मिळतो’ हे वाक्यही बरंच ऐकू येतं. कॅथलिकांच्याच ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्येच म्हटलं होतं, की तारणाची सुरुवात देवाच्या कृपेने होते आणि माणसाचं पुण्यही देवाचंच देणं असतं. वाद होता आणि आजही पूर्ण मिटलेला नाही. पण 1999 मध्ये लुथरन महासंघ आणि व्हॅटिकन यांनी याच प्रश्नावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या.

तारण कृपेनेच होत असेल, तर मग विश्वासणाऱ्याला न्यायाची धास्तीच नको? इथे प्रेषित पौल आडवा येतो. आपणा सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभं राहायचं आहे, असं तो करिंथच्या मंडळीला बजावतो. करिंथकरांना न्यायासन म्हणजे काय ते सांगायला नको होतं, कारण ते त्यांच्या बाजारचौकातच होतं. उंच दगडी चौथरा, त्यावर बसून रोमन अधिकारी निवाडे करत. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्यं’ या पुस्तकात खुद्द पौलालाच गल्लियो या अधिकाऱ्यापुढे खेचत नेल्याची हकिकत आहे. गल्लियोचा काळ डेल्फीच्या शिलालेखामुळे इ. स. 51-52 च्या सुमाराचा ठरतो. त्याने फिर्याद ऐकूनही घेतली नाही, सगळ्यांना हाकलून दिलं. चौथऱ्याचे अवशेष आजही तिथे पाहता येतात.

या न्यायासनापुढे काय तपासलं जातं, याचा अंदाज त्याच मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून येतो. पाया ख्रिस्त, त्यावर कुणी सोन्याचांदीने बांधतो, कुणी लाकूड-पेंढ्याने. मग आग लागते. बांधकाम टिकलं तर मजुरी मिळते, जळलं तर नुकसान. बांधणारा मात्र वाचतो, पण आगीतून बाहेर पडलेल्यासारखा. म्हणजे तपासणी होते ती कामाची. मला हा उतारा सगळ्यांत प्रामाणिक वाटतो: आयुष्यभराची खटपट पेंढा निघू शकते, ही शक्यता तो धार्मिक माणसापुढेच ठेवतो.

अर्थावर मात्र एकमत नाही. कॅथलिक परंपरेने ही आग शुद्धिस्थानाशी, म्हणजे मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होतात त्या अवस्थेशी जोडली. मृत्यूनंतर लगेच होणारा व्यक्तिगत न्याय आणि जगाच्या शेवटचा सार्वत्रिक न्याय असे दोन न्याय ती मानते. शुद्धिस्थानावरच्या या श्रद्धेमुळेच 2 नोव्हेंबरला वसईत आणि गोव्यात मृतांसाठी प्रार्थना होतात. बहुतेक प्रोटेस्टंटांना शुद्धिस्थान मान्य नाही. त्यांच्यातला एक प्रवाह, विशेषतः 1909 च्या स्कोफिल्ड बायबलमुळे पसरलेला, विश्वासणाऱ्यांचं बक्षिसाचं न्यायासन आणि इतरांच्या न्यायासाठीचं प्रकटीकरणातलं श्वेत सिंहासन हे दोन स्वतंत्र प्रसंग मानतो. बाकीच्या अनेक मंडळ्यांना एकच न्याय दिसतो.

बक्षीस म्हटलं, की सोन्याचा मुकुट डोळ्यांपुढे येतो, पण पौलाच्या मनातला मुकुट वेगळा होता. करिंथजवळ इस्थमियाला दर दोन वर्षांनी खेळ भरत आणि विजेत्याच्या डोक्यावर पाइनच्या किंवा सेलरीच्या पाल्याचा मुकुट चढे. तो चार दिवसांत सुकायचा. पौल त्याच्याशी तुलना करून न सुकणाऱ्या मुकुटाबद्दल बोलतो. बक्षिसं सगळ्यांना सारखी का, यावर येशूचे दृष्टांतच दोन दिशांना ओढतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात तासभर राबलेल्या मजुरालाही दिवसभराची मजुरी मिळते, तर लूकच्या शुभवर्तमानात एका चाकराला दहा नगरं आणि दुसऱ्याला पाच.

राहिला स्वर्गाच्या दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा असलेला पेत्र. मत्तयाच्या 16 व्या अध्यायात येशू त्याला किल्ल्या देतो, पण दारवानाची नोकरी देत नाही. ती नंतरच्यांनी दिली. प्रकटीकरणातल्या नव्या यरुशलेमला बारा वेशी आहेत, त्यांवर बारा देवदूत आहेत आणि वेशी कधी बंदच होत नाहीत.